काकडं किती घालायची

आई,

तुझी पणती माझ्याकडे राहायला आली त्याला आता वर्ष होईल. ती जन्मायच्या आधीच तू गेलीस, तू तिला पाहिलं नाहीस. तिच्या आईला, माझ्या लेकीला, तू पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतंस. ती लेक गेल्या पावसाळ्यात आजाराने गेली. जावई कामासाठी परदेशी असतो, म्हणून पोरगी मुरबाडच्या या घरात माझ्यासोबत असते. कितीतरी महिने ती ताटावर नुसती बसायची आणि उठायची. भात चिवडून ठेवायची. बोलणं म्हणजे ‘हो’, ‘नको’ आणि ‘झालं’. तिची मनगटं बघवत नव्हती. देवाने लेक नेली, आता ही पोरही माझ्या डोळ्यांसमोर विरून जाणार, या एकाच भीतीत मी सकाळी उठायची आणि चुलीपाशी उभी राहायची.

एका गोष्टीत मात्र ती जिवंत असायची, फोनवरच्या कोरियन चित्रकथेत. त्यात पानं उलटायची नसतात. बोटाने वर सारत राहायचं, आणि विहिरीत बादली सोडावी तसं चित्र खाली खाली जात राहतं. एका दुपारी चष्मा लावून मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने फोन थोडा माझ्याकडे कलवला, एवढंच. भाषांतर इंग्रजीत होतं, आणि सिस्टरांच्या शाळेत घोटलेलं इंग्रजी मला अजून वाचता येतं. गोष्ट अशी, की एका शहरात एका सकाळी आभाळ फाटतं आणि सगळं संपतं. हॉटेलात भांडी घासणारा एक तरुण तेवढा उरतो. रान इमारतींवर चढून बसलेलं, रस्त्यावर कसली कसली श्वापदं. तो काही खायला जातो, तेव्हा कधी कधी त्याच्यासमोर हवेत एक निळी पाटी उमटते: हे फळ विषारी आहे, हे पाणी चालेल, इकडे जाऊ नकोस. जे जे तो शिकतो, त्याने त्याची ताकद एकेक पायरी वाढते.

“तुला यात काय आवडतं गो?” मी विचारलं.

“तिथे सगळं आधीच संपलेलं असतं, आजी. तरी त्याला रोज उठून जेवण शोधावं लागतं,” ती म्हणाली. मग बोटाने चित्र वर सारत, “आणि भेटायला येऊन कोणी रडत नाही.”

एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मग रोजच दुपारी आमची बैठक बसू लागली. मलाही ते रान आवडू लागलं. त्यातला प्रकाश हिरवा आणि ओला, भातसा धरणामागे संध्याकाळी उतरायचा तसा. मी मध्येच डुलकी घ्यायची आणि डुलकीतही चित्र वर सरकत राहायचं.

आणि परवा काय झालं, तो तरुण जमिनीतून वर आलेला एक जांभळट कोंब उपटतो आणि कच्चाच चावतो. पाटी काही उमटत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे बाबा, घसा धरेल. काकडं कुठेत?”

पुढच्याच चित्रात त्याने गळा धरलेला. पोरीने माझ्याकडे वळून पाहिलं. “तू पुढचं वाचून ठेवलंस?”

“नाही गो. मलाही कोणीतरी पाटी दाखवायचं.”

तेव्हा तू डोळ्यांसमोर आलीस. भातसानगरचं ते क्वार्टर, वर तापलेला सिमेंटचा पत्रा, बाबा धरणावर ड्युटीला गेलेले. मी कल्याणच्या बोर्डिंगमधून मे महिन्याच्या सुट्टीला आलेली, आणि जंगलात हरवलेल्या मुलांचं कुठलंसं इंग्रजी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसले आहे. तू मागच्या टेकाडावरून ओटीत शेवळं, तसलेच जांभळट कोंब, भरून येतेस. “पुस्तकातला रान वाचतंस नि दारातला वलकत नायस,” तू म्हणतेस, “ठेव ता. बस हितं.” कोंबाची वरची पानं तू सोलतेस, आतला पिवळा भाग नखाने काढून लांब फेकतेस. “ह्यो घशाला धरतो.” मग काकडं, ती झाडावरची आंबट हिरवी फळं, पाट्यावर ठेचतेस, त्यांचा रस भाजीत पिळतेस, म्हणजे उरलीसुरली खाज मरते. “किती घालायची?” मी विचारते. तू हसतेस. “हाताला कलतं गो.” त्या सुट्टीच्या शेवटी तू शहापूरच्या बाजारातून मला लहानशी कोयती आणून दिलीस. सिस्टरांनी ती ठेवू दिली नाही, म्हणून ती तुझ्याकडेच राहिली. आता माझ्याकडे आहे.

हे सगळं पोरीला सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, या गोष्टींत कधी कधी माणूस मरतो आणि पुन्हा पहिल्या दिवशी जागा होतो, सगळं आठवत असताना. “तू परत गेलीस तर कुठल्या दिवशी जाशील? मी तर मम्मीला पहिल्यांदा ताप आला त्या दिवशी जाईन. सरळ मोठ्या दवाखान्यात नेईन. तेव्हा आम्ही क्रोसिन देत बसलो.”

ही पोर वर्षभर त्या फोनमध्ये काय शोधत होती, ते मला तेव्हा कळलं. मी तिचा हात धरला. “मीही त्याच दिवशी,” म्हणाले.

काल सकाळी आम्ही दोघी तुझी कोयती घेऊन मागच्या माळावर गेलो. पोरगी आपणहून चपला घालून निघाली. शेवळं तिलाच आधी दिसली. बांधावरच्या झाडाची काकडं तिनेच उड्या मारून ओरबाडली. मी तू शिकवलंस तसं सगळं केलं, आणि तरी माझ्या हाताला कळलं नाही. दोन घास झाले आणि आमचे दोघींचे घसे खवखवले. मी घाबरून कोकमाचं पाणी करायला धावले, तर मागून हसण्याचा आवाज. गळा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत होती.

“आजी, तुझी निळी पाटी बंद पडली.”

“रेंज नसेल.”

कोकम पिऊन तिने डाळीशी अख्खी भाकरी खाल्ली. ताट उचलताना म्हणाली, “उद्या परत करू. काकडं जास्त घालू.” उद्या, म्हणाली.

आत्ता ती माळावर गेली आहे, मला न घेता. फोन चार्जिंगला इथेच लावून. ती आणेल ती काकडं मी या कागदावर पसरीन, डागांनी अक्षरं गेली तर जाऊ देत. फक्त एक गोष्ट तिला सांगता आली नाही, ती तुला सांगते. तिने दिवस विचारला, तेव्हा आधी मला माझी लेक आठवली नाही. तो पत्रा आठवला, पाट्यावरचे तुझे हात आठवले. माझी लेक गेली आणि मला माझी आई हवी होती.