लाल फडक्यातलं दप्तर

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही संमतीपत्रावर सही नाही! रविकांतदादा म्हणाले, बाबांचं वर्षश्राद्ध होऊ द्या, मग पाहू. वर्षश्राद्ध सोळाला. आमच्या प्रकल्पप्रमुख सरांची मुदत वीसची. वीसपर्यंत दादांच्या घरचा हा जुन्या कागदांचा संग्रह विद्यापीठाच्या अभिलेखागारात पोचला नाही, तर या जिल्ह्यातला प्रकल्प बंद — आणि त्याबरोबर माझी नोकरीही. सरांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी चक्क ‘थँक्यू सर’ म्हणाले. काय म्हणावं मला!

५ नोव्हेंबर

दिवसभर त्यांच्या घरी, पैनगंगेकाठी. रविकांतदादांचे वडील पांडुरंगराव जाऊन वर्ष होत आलं, त्यांच्या कपाटाला कुणी हात लावला नव्हता. किल्ली त्यांच्या बायकोकडे, बयनाबाईंकडे, कमरेला. बाहेरच्या खोलीत कापूस छताला टेकलेला. आतल्या कपाटात निम्म्या पोथ्या आणि निम्मं दप्तर.

आणि दप्तर कसलं! पांडुरंगरावांचे वडील भगवंतराव निजामाच्या काळात गोठ्यात चोरून मराठी वाचनालय चालवायचे. त्याची देवघेवीची वही सापडली. कुणी कोणतं पुस्तक नेलं, किती दिवस दाबून ठेवलं, कुणी पानं दुमडली म्हणून बोलणी खाल्ली — सगळं आहे. लोक या विषयावर जाडजूड प्रबंध लिहितात आणि त्यांना असा एक कागद मिळत नाही.

फोटो काढता येत नाही. संमतीपत्रावर सही होईपर्यंत एकही नाही, हा आमचा नियम. हात नुसते शिवशिवत होते.

७ नोव्हेंबर

वहीचं शेवटचं पान मोडी लिपीत निघालं. घरात मोडी कुणालाच येत नाही. बयनाबाईंना तर बाळबोधही नाही. मी मोठ्यानं वाचत गेले. अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, शिपाई घेऊन आला, गोठ्यावर धाड, तिघांना नेलं. भगवंतरावांचा धाकटा भाऊ तुरुंगातच वारला. आणि खाली खबर देणाऱ्याचं नाव! घाटाजवळचा किराणावाला, वामनराव. मी उठून उभीच राहिले. असं पान आयुष्यात एकदा हाताला लागतं.

बयनाबाईंनी नाव पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, त्याच्या बापाच्या नावासकट. “बरं,” म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. कंटाळल्या असतील.

१० नोव्हेंबर

बांधाबांध झाली. पोथ्या त्यांच्या जुन्या लाल फडक्यांत होत्या, तशाच ठेवल्या. कागदपत्रं मी नेलेल्या पांढऱ्या कापडांत. वही मात्र लाल फडक्यात बांधली. आमच्या अभिलेखागारात ज्याला सगळ्यात आधी हात घालायचा त्याला लाल. सवय.

रविकांतदादांची मुलगी पूनम सासरहून आली होती, आजोबांच्या श्राद्धाच्या तयारीला. पाचवा महिना. घरात मरण झालं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं — म्हणून एप्रिलात तिचं घाईनं लावून दिलं. बयनाबाई तिला काही उचलू देत नव्हत्या.

१३ नोव्हेंबर

सरांचे तीन फोन. तिसरा उचललाच नाही.

१६ नोव्हेंबर



पोथी वाचणारं माणूस गेलं आणि मागे कुणी वाचणार नसलं, की इकडे पोथ्या नदीला देतात. जाळत नाहीत, रद्दीत घालत नाहीत. मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! आमच्या आजोबांच्या मीच दिल्यात.

जेवणं झाल्यावर सगळे नदीवर निघाले. मी अंगणात सरांशी फोनवर. रविकांतदादांनी गाडीतूनच विचारलं, “लाल फडक्यायतल्या साऱ्या पोथ्याच ना?” मी मान हलवली. हलवली मी मान! परत आल्यावर त्यांनी लगेच सही केली, मोकळ्या मनानं. मग मी पांढरी फडकी मोजू लागले आणि वही आठवली.

१७ नोव्हेंबर

मासे धरणाऱ्या भोयांना घेऊन सकाळपासून पाण्यात. तीन फडकी मिळाली, आत लगदा. रविकांतदादा माझ्यापेक्षा जास्त हळहळले. म्हणाले, मायनं आपल्या हातानं सोडलं सारं, तिले वाचता कुठं येते. त्यांना काय सांगू? दोष माझा. शंभर टक्के माझा.

१९ नोव्हेंबर

सरांना मेल लिहून ठेवला. ‘वही पोथ्यांच्या रंगाच्या फडक्यात मी बांधली. विचारल्यावर खात्री न करता हो म्हणाले. घरच्यांचा दोष नाही.’ पाठवायची हिंमत होत नाही. हे पाठवलं की पुन्हा कुठलंही ग्रंथालय मला दारात उभं करणार नाही.

२० नोव्हेंबर

सकाळी बयनाबाई आल्या. एकट्या, बसनं, आदिलाबादेत माझी खोली विचारत विचारत. पाणीही न घेता म्हणाल्या, “तू जीवाले लावून घेऊ नको, बाई. लाल होतं म्हनून नाही गेलं ते. म्या गाठ सोडून पाह्यली, वही हाय हे पाह्यलं, मंग सोडलं.”

मी विचारलं, काऊन?

“आपली पूनम त्याच वामनरावाच्या नातवाले देली. हे जिते असते तं सोयरीक होऊच देली नसती. माह्या रविकांतचा राग तुले ठाऊक नाही. पोरीचं घर राह्यलं असतं का?”

मला भयंकर राग आला. एका नावापायी सगळं वाचनालय बुडवलं! पण ते नाव त्या घरात उच्चारलं कुणी? मीच, उभी राहून, दोनदा.

जाताना म्हणाल्या, तुह्या नोकरीसाठी खरं सांगा लागलं तं सांग.

पाच वाजता मेल पाठवला. कालचाच. एक अक्षर बदललं नाही.