पगडीचं माप आणि जावयाचं रक्त

कार्डिफ, ३ जानेवारी

तीर्थस्वरूप सुप्रभाताईंना,

धाकट्या मेव्हण्याचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (डावा जरा सावकाश टेकतो, त्याचं कारण पुढे येईल).

तुमचा मोतीबिंदू निघाला आणि आता समोरच्या बिल्डिंगीत कुणी काय वाळत घातलंय तेही स्पष्ट दिसतं, असं सुलक्षणाकडून कळलं. आनंद झाला. बीपीची गोळी सकाळीच घेत जा, आठवण येईल तेव्हा नव्हे (हे मी गेली बारा वर्षं सांगतोय). आम्ही इकडे मजेत आहोत असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरी परिस्थिती अशी, की आमच्या तनयाचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय, तिने नऊ दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि कन्यादान आमच्या मंडळातले अजय आणि रश्मी करणार असं तिने जाहीर केलंय. मी तिसऱ्या रांगेत बसायचं आहे, होणाऱ्या जावयाच्या, ओवेनच्या, आत्यांबरोबर. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर माझ्या फोनवर तुमच्या आधी ते तनयाच वाचते, म्हणून हे पत्र शेजारच्या शाल्मलीबरोबर पाठवतोय. ती आठ दिवसांसाठी पुण्याला येतेय.

तुम्ही ओवेनला फक्त फोटोत पाहिलंय. मुलगा इथलाच, कार्डिफचा, त्याचे आजोबा इथला जुना वेल्श बेसबॉल खेळायचे. हा मात्र अमेरिकेतला बेसबॉल खेळतो, पगार घेऊन, एका लहान गावाच्या संघातून, मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली. (मला आधी वाटलं होतं हा त्याचा छंद आहे आणि नोकरी वेगळी असेल. साखरपुड्याच्या दिवशी विचारलं, तर नव्हती.) चेंडू प्रेक्षकांत भिरकावला की त्याला होम रन म्हणतात. आपल्याकडचा षटकार समजा, फक्त पळायचंही असतं. आधीच्या मोसमात ओवेनने असे आठ मारले होते, गेल्या मोसमात सत्तावीस. हे आकडे त्याने स्वतःच मला जेवताना सांगितले, लाजत लाजत. मी अभिनंदन केलं आणि आमटी वाढली. तेव्हा मनात काही नव्हतं, शपथेवर सांगतो.

मनात आलं ते पगडीमुळे. त्याला पुणेरी पगडी हवी होती, फेटा नको, कारण पगडीत आपण न्यायाधीश दिसतो असं त्याचं म्हणणं. ऑक्टोबरात साखरपुड्याला मी माप घेतलं. घरात टेप सापडेना (सुलक्षणाच्या शिवणाच्या डब्यात टेप सोडून सगळं असतं), म्हणून माझ्या जुन्या बॅगेतली मुरगळलेल्या घोट्याला बांधायची पट्टी काढली, त्याच्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळली, टोकाला टोक भिडवून कापली आणि तुम्हाला पाठवली. तुम्ही फोनवर त्या पट्टीबद्दल काहीतरी विचारत होतात. मी म्हणालो, ताई, चौतीस वर्षं कन्सल्टंट होतो, एवढं माप मला घेता येतं. तुम्ही गप्प बसलात, आणि ते तुमच्या स्वभावात बसत नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नाताळच्या आधी पगडी आली. घातली, तर ती डोक्यावर बसेना, नुसती वर टेकून राहिली. दीड इंच कमी. आता ताई, मी आयुष्यभर हॉर्मोन्सचा डॉक्टर. माणसाचं डोकं, हात, जबडा मोठ्या वयात वाढायला लागले तर आमच्या विषयात त्याचा एकच अर्थ, ग्रोथ हॉर्मोन. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये कुणी अचानक फार मारायला लागला की लोक आधी त्याच्या टोपीचा नंबर विचारतात, हे मी स्वतः वाचलंय. इथे सत्तावीस होम रन, वर दीड इंच डोकं. शिवाय साखरपुड्याची अंगठीही त्याला घट्ट होत होती (श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीनंतर ती कुणालाही होईल, पण हे मला तेव्हा सुचलं नाही). अडीच महिन्यांत कुणाचं डोकं दीड इंच वाढत नाही, हेही मला माहीत होतं. पण मी घाबरायच्या ऐवजी मनातल्या मनात जर्नलसाठी केस लिहायला घेतली. रिटायर झालेला माणूस फार वाईट असतो.

पण काळजीही होती, ती खोटी नव्हती. पोरगी ज्याच्याशी लग्न करतेय तो इंजेक्शनं घेत असेल, उद्या पकडला गेला, बंदी आली, हृदयाला काही झालं, तर? सरळ विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून मी ओवेनला सांगितलं, की आमच्यात लग्नाआधी जावई सासऱ्याला थोडं रक्त देतो, फार जुनी प्रथा आहे. (देवांनी मला माफ करावं, भटजींनीही.) त्या मुलाने एक प्रश्न विचारला नाही. बाही वर केली आणि म्हणाला, फक्त रक्तच की दुसरंही हवंय? दुसरं हवं असेल तर तुम्हाला टॉयलेटमध्ये येऊन समोर उभं राहावं लागेल, आमच्या खेळात तसा नियम आहे. मी म्हणालो, आमच्या धर्मात तेवढं लागत नाही. सुलक्षणाला त्याच्या दंडावरचा कापूस पाहून वाटलं मी फ्लूची लस दिली. तिने त्याला शिरा दिला. रक्त मी एका ओळखीच्या खाजगी लॅबला पाठवलं, आणि रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. प्रकरण तिथेच थांबलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी तर थांबलोही होतो.

पण नाताळच्या जेवणाला ओवेनच्या आईने भर टेबलावर विचारलं, की रक्ताची प्रथा फार सुंदर वाटली, ओवेनच्या वडिलांनीही थोडं द्यायचं असतं का? तनयाने काटा खाली ठेवला. मला स्वयंपाकघरात नेऊन सगळं काढून घेतलं, आणि मग म्हणाली, "बाबा, तू त्याचा ब्लड घेतलास? फेक रिच्युअल करून? धिस इज माझा लग्न, तुझा क्लिनिक नाही!" मी होम रनचा पुरावा पुढे केला. त्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला बॉल नीट दिसत नव्हता, बाबा. उजव्या डोळ्याची नंबर चुकीची होती. मी टेस्ट केला, लेन्स बदलली. दॅट्स ऑल."

ताई, मुलगी ऑप्टोमेट्रिस्ट आहे हे लोकांना सांगताना मी नेहमी पुढे जोडतो, की मेडिसिनला मिळत होतं, पण तिने घेतलं नाही. आणि तिने आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम माझ्यासमोर आलं, तर मला ते चोरून घेतलेल्या औषधाचं वाटलं. याची मला लाज वाटते. हे तुम्हाला लिहितोय, तिला सांगायला जीभ उचलत नाही.

त्यात सुलक्षणाने (तुमचीच बहीण) तोंड उघडलं. दिवाळीनंतर मंडळाच्या साठीपुढच्यांच्या बॅडमिंटनमध्ये मी अजयला हरवून ट्रॉफी आणली, तिचा फोटो तुम्हाला सहा वेळा पाठवला होता. त्या फायनलच्या आदल्या आठवड्यात मी डाव्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं, ते तिने सांगून टाकलं. मागोमाग आत आलेला ओवेन मोठ्या आदबीने म्हणाला, की स्पर्धेच्या काळात ते बऱ्याच खेळांत चालत नाही, अंकल. त्याचे आईवडील शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. म्हणजे दोन्ही घरांत मिळून स्टेरॉइड सापडलेला माणूस एकच.

बाकी सर्व ठीक. इथे पाऊस आहे. प्रकृतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक (सुलक्षणा या शब्दाला हसली),
शशिकांत

ता. क. आता खरं काम. तुम्ही तनयाला फोन करून एवढंच सांगा, की पगडीचं माप तुमच्या हातून चुकलं. पगडीवाल्याला देताना पट्टी दुमडली गेली, म्हणा. मापच चुकीचं आलं म्हटल्यावर कुठल्याही डॉक्टरला शंका येणारच, आणि मी निम्मा तरी सुटेन. ती मावशीवर कधीच रागावत नाही. माझ्याकडे एकच मुलगी आहे, ताई, आणि तिसऱ्या रांगेतून मला नीट दिसणार नाही.

आणखी एक ता. क. वरचं करू नका. सुलक्षणाने पत्र वाचलं, त्या पट्टीचा उरलेला रोल बॅगेतून आणला आणि माझ्या नाकासमोर ताणून सोडला. क्रेप बँडेज. ताणून मापलं, सोडल्यावर आखडलं, आणि तुम्ही फोनवर तेच सांगत होतात. मग मी तनयाकडे गेलो आणि बँडेजसकट सगळं कबूल केलं, लेन्सबद्दलही बोललो. ओवेनच म्हणाला, की कामावर वर्षातून कितीतरी वेळा माझी तपासणी होते, पण नंतर शिरा कुणी देत नाही, त्यांना पुढे येऊ दे. कन्यादान मिळालं, एका अटीवर, ट्रॉफी आजच्या आज अजयला परत. सोबत सुतळी आहे. माप सुलक्षणाने घेतलंय. नवी पगडी शाल्मलीबरोबर द्या.

शेवटचं ता. क. शाल्मली दारात थांबलीय, म्हणून घाईत लिहितो. ट्रॉफी देऊन आलो. गुडघ्याचं सगळं खरंखरं सांगितलं, माफी मागितली. अजयने ट्रॉफी घेतली, रश्मी आत गेल्याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "तुला इंजेक्शन कुणी दिलं रे? माझं तर दुसऱ्या गेमलाच उतरलं."