होम सापडलं!

मंगळवार, संध्याकाळ

अजून हसू आवरत नाहीये. कालपासून कंपनीतलं मशीन होमच घेत नव्हतं. म्हणजे त्याच्या सरकत्या स्लाइडला आपली सुरुवातीची जागाच सापडेना. आज मी झाकण उघडलं, तर होम स्विचची पिन लोखंडाच्या किसात दबून बसलेली! साफ केली आणि स्लाइड बरोब्बर जागेवर येऊन थांबली.

आनंदाच्या भरात ह्यांना फोन लावला, "अहो, होम सापडलं एकदाचं!" आम्ही वाकडला भाड्याचं घर शोधतोय, हे डोक्यातच नाही. मी पण ना!

घरी आले तर सासूबाई पेढे घेऊन दारात. "कितव्या मजल्यावर हाय गं?"

खरं सांगितलं. वाटलं, हिरमुसतील. पेढा माझ्या तोंडात कोंबत म्हणाल्या, "मशीनला घावलं ना? मग आता आपलाच नंबर!"