देवीचा चमचा

ता. २ जुलै २०२५, बुधवार

आज घरात आलं —
तांदूळ ५ किलो, रेशनचा. फुकट. पिशवीचे ५.
तूरडाळ अर्धा किलो — ६०.
तेल अर्धा लिटर — ७८.
तेजूचा दुधाचा डबा, ४०० ग्रॅम — ४३०.
फुलवाती, उदबत्ती — १५.
एकूण ५८८.

चारशे तीस! मला टायफॉईड झाला, अंगावरचं दूध आटलं, तेव्हापासून हा डबा घरात शिरलाय. तेजू आता पाच महिन्यांची. बाटलीला पाच चमचे, दिवसाला पाच बाटल्या. डबा साडेतीन दिवसांत खडखडतो. महिन्याला आठ-नऊ डबे. ह्यांना शाहूपुरीतल्या दुकानात पत्रे, पायपा उचलायचे साडेअकरा हजार. त्यातले तीन हजार खोलीभाडं. दहावीला गणितात एक्क्याऐंशी होते मला. हे गणित काही सुटत नाही.

ता. ४ जुलै, शुक्रवार

उपास. आज पूजा करताना एक सुचलं. देवीनंच सुचवलं म्हणायचं.

आई भात टाकताना मापातनं एक मूठ काढायची आणि मडक्यात परत टाकायची. अंबाबाईची मूठ. बाबा घरी बसले तेव्हा त्या मडक्यावरच आमचे दिवस निघाले. मीही तांदळाची मूठ काढते, पिठाची काढते. मग दुधाची का नाही?

आजपासून पाच चमचे काढायचे, अंबाबाईचं नाव घ्यायचं, एक चमचा डब्यात परत. तो देवीचा.

तेजू सगळी बाटली प्यायली आणि झोपली. तिला कळलंसुद्धा नाही.

ता. ८ जुलै

अंगणवाडीत वजन केलं. ५ किलो ९००. तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात. सेविका पूर्णिमाताई म्हणाल्या, "झ्याक हाय की पोरगी!"

ता. १० जुलै

सहा तारखेला फोडलेला डबा आज दुपारी संपला. एक दिवस जास्त गेला! जय अंबाबाई.

ता. १९ जुलै

दुकानात माल नाही. मालकांनी ह्यांना महिन्यातले आठ दिवस बसून राहायला सांगितलंय. बसल्या दिवसाचा पगार नाही. हे म्हणाले, "बघ बाई, तुझं तू कसं बशिवतीस ते."

बसवलं. माझा चहा बंद. दुपारची भाजी बंद, चटणी-भाकरी. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं बंद. आणि देवीला सांगितलं — आणखी एक चमचा तुझ्याकडं ठेवते, घर सावर. आता डबा सहा दिवस जाईल.

तेजू रात्री किरकिरली. दात येत असतील.

ता. १ ऑगस्ट, शुक्रवार

श्रावणातला शुक्रवार. जिवतीचा कागद भिंतीला लावला, आघाड्याची माळ घातली. अर्धी वाटी डाळीचं पुरण घातलं. तेजूला मांडीवर घेऊन ओवाळलं. ती दिव्याकडं बघत राहिली. झडप घालून धरायला आली नाही.

दुपारी माझी थोरली बहीण संयोगिताताई आली, शिरोळहून, यष्टीनं. दोन लिटर म्हशीचं दूध, डझनभर अंडी, आणि तुपाची बरणी. आल्या आल्या शिरा करायला बसली. कढईत तूप ओततेय, ओततेय! मी हात धरला. "अगं ताई, आठवड्याचं तूप ते!"

"माझ्या घरचं हाय. तुझ्या वहीत लिहू नगंस."

मग तेजूला उचलून घेतलं. "वर्षे, पोरीच्या हातातलं कडं बघ. निसटून यायलंय. पाजतीस न्हवं तिला?"

मला राग आला. दिवसातनं पाच वेळा पाजते मी! म्हणाले, "तुझ्यासारखं उधळून संसार करता येत न्हाई सगळ्यांना. तुझ्याकडं म्हस हाय."

ताई म्हणाली, "म्हस आता आली गं. तू ल्हानपणापास्नं अशीच. पावणं जेवाय बसलं की भाकरी मोजतीस."

चहा न घेताच गेली. मी थांब म्हटलं नाही. शिरा मात्र दोन दिवस पुरवला.

ता. ५ ऑगस्ट

वजन ५ किलो ६००. पिवळा पट्टा. पूर्णिमाताईंनी दोनदा काटा बघितला. "दूध पाजतीस न्हवं?" म्हटलं, पाच वेळा. खोटं नाही.

देवीला साकडं घातलं. वजन वाढलं की खणा-नारळानं ओटी भरीन.

ता. १७ ऑगस्ट

पेज चाटवली. थुंकली. रडते तेसुद्धा हळूच. शेजारीण म्हणते, "लई गुणाची बाई पोरगी, आवाज न्हाई." मला बरं वाटलं.

ता. २ सप्टेंबर, मंगळवार

५ किलो २००. लाल.

पूर्णिमाताई माझ्याबरोबर घरी आल्या. चप्पल काढली आणि म्हणाल्या, "बस. माझ्यासमोर दूध कालीव."

मी हात धुतले. उकळून ठेवलेलं पाणी मापानं ओतलं. पाच चमचे काढले, एका वाटीत. अंबाबाईचं नाव घेतलं. दोन चमचे डब्यात परत टाकले.

"आँ? ह्ये काय केलंस?"

"देवीची मूठ," मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं. मला वाटलं त्यांना माहीत असेल.

 त्यांनी डबा फिरवून त्यावर छापलेलं माझ्यापुढं धरलं. मराठीतच होतं. किती पाण्याला किती चमचे. मी दहावी पास. "कधीपास्नं?"

मी वही उघडून तारीख दाखवली. चार जुलै. एकोणीस जुलै. सगळं लिहिलेलं होतं. कितीचा डबा किती दिवस गेला, किती वाचले, तेही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "भाताची मूठ काढली तर भात कमी हुतो. ह्यातनं काढलीस तर निस्तं पानी उरतंय. दोन महिनं पोरगी पानी पितीया तुझी."

महिनाअखेर वजन वर गेलं नाही तर दवाखान्यात भरती. तिथं काय होईल ते सांगता येत नाही, म्हणाल्या. लाल पट्ट्यातल्या मुलाला साधा ताप सोसत नाही.

ता. ३ सप्टेंबर

ह्यांना सांगितलं. ओरडले नाहीत. अर्धी भाकरी ताटात टाकून उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं होतं.

ता. ४ सप्टेंबर

भिशी आधी उचलली. पाच हजारांतले सातशे कापून गेले. चार डबे आणले. १७२०.

आता पाचच्या पाच चमचे. वाटी नाही, मध्ये काही नाही.

ता. १२ सप्टेंबर

वजन ५ किलो २५०. दहा दिवसांत पन्नास ग्रॅम! पूर्णिमाताई म्हणाल्या, "पाच घालतीस न्हवं?" अंबाबाईची शपथ घेतली.

घरी आले. डबा बघितला. आठ तारखेला सकाळी फोडलेला. काल दुपारीच संपायला हवा होता. आज संध्याकाळी त्यात पाव हिस्सा आहे.

पुन्हा मोजलं. वहीत मांडून बघितलं. हिशेब तीन चमच्यांचाच येतो.

पण मी पाच मोजते! मोठ्यानं मोजते!

ता. १४ सप्टेंबर, रविवार

हे घरी होते. म्हटलं, माझ्याकडं बघत राहा, बोलू नका. सकाळची बाटली केली. एक, दोन, तीन, चार, पाच.

हे म्हणाले, "तोंडानं पाच म्हनतीस. तिसऱ्याला आन पाचव्याला चमचा डब्यातच झाडलास."

मला काही आठवत नाही. देवा, मला काहीच आठवत नाही.

ता. १५ सप्टेंबर

ह्यांनी कामावर जायच्या आधी पाच पुड्या बांधून ठेवल्या. मोजून. प्रत्येकीत पाच चमचे. "आता निस्ती सोडायची आन वतायची."

पहिली ओतली. दुसरी ओतली. तिसरी सोडताना त्यातली चिमूट घेऊन डब्याचं झाकण उघडलं. बोटं आत होती तेव्हा कळलं.

तेजू माझ्याकडं बघत होती.

घरात तिसरं माणूस नाही. हे रात्री नऊला येतात. एक खाडा झाला तर पुढच्या डब्याचे पैसे नाहीत. देवघरापुढं बसले. तांदळाची मूठसुद्धा आज काढली नाही. आईनं शिकवलेलं पहिल्यांदाच मोडलं.

ताईला चार वेळा फोन लावला. उचलत नाही. जिवतीच्या दिवसापासून उचलत नाही.

ता. १६ सप्टेंबर

अंतर्देशीय पत्र — २.५०. मजकूर उतरून ठेवते.

ती. संयोगिताताईस शि. सा. नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. तेजूला घेऊन जा. चार दिवसांसाठी नाही, बाळसं धरून चालायला लागेपर्यंत. डब्यांचे पैसे हे दर रविवारी पोचवतील. का ते पूर्णिमाताई सांगतील, मला लिहवत नाही. मी भेटायला आले तर मांडीवर दे, पण बाटली माझ्या हातात देऊ नकोस. मी मागितली तरी, रडले तरी. कपडे धुऊन ठेवलेत. कधी येतेस ते उलट टपाली कळव.