पुढच्या वर्षी जा, म्हटलं होतं मी

१२ मार्च २०१८
आमच्या युनिव्हर्सिटीतली अरोहा एक्स्चेंजच्या ऑफिसात, माझ्याकडे आली होती. टीचर व्हायचंय तिला. सप्टेंबरपासून एक सेमिस्टर पोर्तुगालला जाणार, युरोपच्या अनुदानावर. तिचा फॉर्म मीच भरलाय. पण आता नॅन, म्हणजे आजी, खूप आजारी. तिनेच वाढवलंय हिला. "नेक्स्ट यिअर गेले तर?" मी म्हटलं, स्वीट ॲज, काहीच हरकत नाही, पुढच्या वर्षी जा. तिचा चेहरा एकदम सैल झाला. बरं वाटलं मला.

१६ मार्च
तिच्या जागी दुसरं नाव पाठवलं. यादी बंद.

१० एप्रिल
तिकडच्या युनिव्हर्सिटीतल्या तेरेझाला सहज विचारलं होतं, पुढच्या वर्षी जागा किती? उत्तर आलं. एकही नाही. या अनुदानातला हा शेवटचा गट. दोन्ही युनिव्हर्सिट्या मिळून नवा अर्ज करायचा आहे, पण युरोपच्या पुढच्या बजेटात इतक्या लांबच्या देशांसाठी काय उरेल, कुणालाच माहीत नाही. खाली ओळ : 'फेब्रुवारीत कळवलं होतं.'
शोधली ती मेल. आहे. उघडलेलीसुद्धा. रिकार्टनच्या इंडियन दुकानात, रांगेत उभी असताना फोनवर वाचली होती. नंतर बघू म्हणून...

११ एप्रिल
ग्रेगला सांगितलं, युरोपने अचानक बंद केलं. 'अचानक' माझा शब्द. बॉस असून उलट मलाच समजावत होता, "नॉट योर फॉल्ट." मी मान डोलावली. डोलावली!
अरोहाला कळवलेलं नाही.

२१ एप्रिल, शनि.
नळाचा वॉशर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दारात सॉसेज सिझल, म्हणजे पैसे जमवायला सॉसेज भाजून पावात विकणं. अरोहाचे मामा-मावश्या. तिच्या पुढच्या वर्षीच्या तिकिटासाठी. मावशीने ओळखलं, मिठीच मारली. "आमच्या मुलीला मदत करणारी तूच ना?" पावात नुसता कांदा घालून हातात दिला. गाडीत बसून राहिले. पाव तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

२२ एप्रिल
समीर म्हणतो, "युरोपचं बजेट तू ठरवतेस का? कशाला जिवाला लावून घेतेस?" नवरा आहे, माझीच बाजू घेणार. पण २०११ला मी पुण्यातली नोकरी सोडून इथे शिकायला आले, ती अशाच ऑफिसातल्या एका बाईच्या शब्दावर. तिने तपासून शब्द दिला होता.

२४ एप्रिल
सांगितलं अरोहाला. सगळं.
"सो यू न्यू?"
"वाचलं होतं. विसरले. मग बॉसशी खोटं बोलले."
तिने बॅग उचलली. रागावली असती तर बरं झालं असतं. उठताना एवढंच म्हणाली, "नॅनला कळू देऊ नका. तिला वाटेल, तिच्यामुळे गेलं."
टॉयलेटमध्ये जाऊन रडले. त्याचीही लाजच वाटली.

२६ एप्रिल
ग्रेगला खरं सांगितलं. लेखी द्या म्हणाला. दिलं. तेरेझाला विचारलं, एखादी जागा वाढवता येईल? नाही. नव्या अर्जाचा निकाल पुढच्या वर्षी. तोही आपल्या बाजूने लागला तर.

३ मे
अरोहाची मेल, माओरी नमस्काराने सुरू. 'किया ओरा. नवा अर्ज लिहाल तेव्हा मी शेजारी बसू? मला सगळं स्वतः वाचायचंय.' हो लिहिलं. नॅन अजून हॉस्पिटलात. सोमवारी येतेय अरोहा. अर्ज लिहिता येईल. पण तिच्याकडे बघायचं कसं, ते अजून कळत नाहीये.