माघारी येणारी पत्रे

घोडेगाव,
ता. ८ ऑगस्ट १९७१

चि. छबूबाई हिस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पोचले. नर्सिंगच्या शाळेत सगळे इंग्रजीतून शिकवतात आणि दिवाळीनंतरच्या परीक्षेत इंग्रजीत नापास झालेल्या मुलीला घरी पाठवतात, हे वाचले. घाबरू नकोस. मी चौथीत शाळा सोडली आणि जनावरांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेल्या, पुठ्ठा नसलेल्या व्याकरणावर इंग्रजी शिकलो. तुला तर शिकवायला बाप आहे.

आधी शब्दांच्या जाती पक्क्या कर. जनावरांच्या बाजारात विकलेल्या बैलाचा दाखला लिहिताना मी काय करतो? बैल हे नाम. तांबडा, चौसा म्हणजे चार दातांचा, डाव्या शिंगाने वाकडा, ही विशेषणे. चालतो, मारतो, बसतो, ही क्रियापदे. सावकाश चालतो, त्यातले सावकाश ते क्रियाविशेषण. इंग्रजीत एक फरक ध्यानात ठेव. आपले शब्दयोगी अव्यय गाईमागच्या वासरासारखे नामाच्या मागून येते, त्यांचे वासरू पुढे पळते. आपण खाटेखाली म्हणतो, ते म्हणतात अंडर द कॉट.

दर पत्रात इंग्रजीची पाच वाक्ये लिहीत जा. मी लाल शाईने तपासून तेच पत्र माघारी पाठवीन, म्हणजे चुका तुझ्या डोळ्यांसमोर राहतील. आणि पास होईपर्यंत घरी यायचे नाही. वीस-बावीस मैलांचाच रस्ता आहे, एकदा सवय लागली की दर रविवारी एसटीत बसशील.

तुझी आई म्हणते, पोरगी लई वाळली असंल. मी म्हटले, वाळायला ती काय बाजरी आहे?

अभ्यासावर लोभ ठेव, आमच्यावरचा कुठे जात नाही.

तुझा दादा,
रंगनाथ


नगर,
ता. २९ ऑगस्ट १९७१

ती. दादांस छबूचा सा. न. वि. वि.

माझे पत्र तपासून आले. सतरा चुका मोजल्या, त्यातल्या सहा मराठीच्या. 'आईला म्हणावं पानी शेंदताना कंबर जप' असे मी लिहिले होते. तिथला न खोडून तुम्ही ण केला. पण आईला निरोप सांगितला का, ते कुठे लिहिलेले सापडले नाही.

एक सांगते, रागावू नका. तुमच्या शब्दांच्या वहीत हँड हे नाम आहे. इथे वर्गात ट्यूटरबाई म्हणाल्या, हँड मी द ट्रे, तेव्हा मी हात पुढे करून उभी राहिले आणि सगळ्या हसल्या. बाई म्हणाल्या, शब्द तोंडावरून ओळखू नका, वाक्यात तो काय काम करतो ते बघा. इथे तो क्रियापदाचे काम करतो.

माझ्या खोलीत पाथर्डीकडची लंका आहे. तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात, त्यांना लिहिता येत नाही, म्हणून तिला पत्र येत नाही. ती मला चिडवते की तुझी पत्रं बरी, माहेरी जाऊन आठ दिसांत माघारी येत्यात, तू मातर हितंच.

दिवाळीला दोनच दिवस येऊ का? पुस्तक बरोबर आणीन. पाच वाक्ये मागच्या पानावर आहेत.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
छबू


घोडेगाव,
ता. १० सप्टेंबर १९७१

चि. छबूबाई हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

ट्यूटरबाईंचे बरोबर आहे. मी हँड शब्द नामाच्या रकान्यात कोंडून वर दार लावले होते. दाखल्यावर बैलाचे वर्णन लिहिणाऱ्याला हे आधी कळायला हवे होते, की तोच बैल कधी नांगराला असतो, कधी गाडीला. चूक माझी. वहीत तारीख घालून नोंदली आहे.

तुझी वाक्ये पाहिली. माय होम इज फार. आय कॉल माय मदर. शी डज नॉट हिअर. होम नाम, फार विशेषण, कॉल आणि हिअर क्रियापदे, माय आणि शी यांच्याही जागा बरोबर. पाचही वाक्ये निर्दोष. दहापैकी नऊ दिले, एक अक्षरासाठी कापला.

दिवाळीचे मात्र ठरल्याप्रमाणे. नियम तो नियम. पत्र सोबत परत पाठवतो आहे.

नीट रहा, पुढची पाच वाक्ये वेळेवर धाड.

तुझा दादा


घोडेगाव,
ता. ९ ऑक्टोबर १९७१

चि. छबूस आशीर्वाद.

महिना झाला, तुझे पत्र नाही. मधे दोन कार्डे टाकली, त्यांनाही उत्तर नाही.

परवा तुझी आई म्हणाली, नवीन न्हाई तर न्हाई, पोरीचं जुनं कागुद वाचून दावा. मी पेटी उघडली. पंधरा वर्षांतल्या हरेक बैलाच्या दाखल्याची नक्कल तीत आहे. कोणाच्या कपाळावर चांद होता, कोणाची शेपटी तुटकी होती, सगळे आहे. तुझी एक ओळ नाही. सगळी मीच तुझ्याकडे माघारी धाडली.

तेव्हा म्हटले, आठवून सांगू. आठवायला बसलो तर मला तुझ्या चुकाच पाठ निघाल्या. चूक नसलेल्या त्या पाचांतली तीन वाक्ये तेवढी सापडली. ती मराठीत करून तिला सांगितली, नऊ गुण दिल्याचेही सांगितले. घर लांब आहे. मी आईला हाक मारते. तिला ऐकू येत नाही.  ती म्हणाली की पोरीनं हाक मारली, तर तुमी गुण कशाचे दिले?

तिच्यापासून लपवलेली एक गोष्ट तुला लिहितो. मागच्या महिन्यात बाजाराच्या कामाला नगरला आलो होतो. तुमच्या वसतिगृहासमोर तासभर उभा होतो. तू पांढऱ्या साडीत एका मुलीबरोबर बाहेर आलीस. चालताना पूर्वीसारखा डावा खांदा उतरलेला होता. हाक मारली नाही. नियम मी केलेला, मीच कसा मोडू, असे वाटले. आलो तसा एसटीत बसून घोडेगावला परतलो.

दिवाळीला ये. पास हो की नापास हो, ये. आईसाठी तू दिलेला कंबर जपायचा निरोप त्या वेळी सांगितला नव्हता, काल सांगितला. ती आता जपून शेंदते.

वाट पाहणारा,
दादा


नगर,
ता. १३ ऑक्टोबर १९७१

ती. दादा व ती. सौ. आईस छबूचा शि. सा. न. वि. वि.

दादा, मला येता येणार नाही. तुम्ही नाही म्हणालात म्हणून माझी दिवाळीची रजा मी लंकाला देऊन टाकली. तिचे आईबाप एकदा गाड्या जुंपून निघाले, की पुढचे पाच-सहा महिने तिला दिसायचे नाहीत. ती काल गेली. आता तिच्या वॉर्डातल्या पाळ्याही माझ्याकडे आहेत.

पत्र लिहीत नव्हते असे नाही. तीन लिहिली आणि उशाखाली ठेवली. आईला काय वाटेल, यापेक्षा तुम्ही कुठे रेघ माराल, हेच आधी मनात येऊ लागले, मग टाकवेना. ती तिन्ही सोबत धाडते. त्यांत वाक्ये नाहीत, शब्दांच्या जाती नाहीत, नुसते घरचे आहे. आईला सगळे वाचून दाखवा. मधल्या पत्रात तुमच्याविषयी आहे, ते वाचताना तुम्ही थांबाल, तरी वाचा.

परीक्षा पंचवीस तारखेला आहे. होईन पास.

येत्या रविवारी चार ते पाच इस्पितळात भेटायला सोडतात. आईला घेऊन या. मी पुरुषांच्या वॉर्डात मागच्या बाजूला असेन, तिथून फाटक दिसत नाही. पहारेकऱ्याला नाव सांगाल आणि गप्प उभे रहाल, तसे करू नका. मोठ्याने हाक मारा.

तुमची,
छबू