आत्याची पिशवी

सुयोग,

फ्रिजमध्ये दुधीची भाजी आहे, गरम करून खा. तू मासे सोडलेस म्हणून रोज दोन वेगळे स्वयंपाक माझ्या माथी. चप्पल सोडलीस, तर लादीवरचे तुझे काळे पाय मीच पुसतेय. प्रायश्चित्त तुझं आणि राबायचं मी!

तुझ्या भावाच्या हळदीला नवरदेवाची अंगठी मिळेना, तर भर मांडवात तू सत्यवती आत्याची पिशवी उलटी केलीस. पडलं काय? चष्मा आणि पानाचा डबा. हळदीची गाणी, धवले गाणारी बाई, तुझी सख्खी आत्या, गाणं अर्धं टाकून घरी गेली. नंतर अंगठी तुझ्याच जीन्सच्या खिशात सापडली, तेव्हा कोणाला सांगितलंस? देवाला. देवाची पिशवी उलटी केली होतीस का?

मी मोरव्याला तुझ्या चुलतबहिणीच्या, नेत्राच्या हळदीला चाललेय. धवले गायला आत्यालाच बोलवलंय, हातापाया पडून. म्हणाली, "येईन, पन पिशवी न्हाय आणायची."

माणसं तीच असणार. तू ये आणि सगळ्यांसमोर सांग, अंगठी तुझ्याकडेच होती. कोपऱ्यात नेऊन पाया पडलेलं चालणार नाही. नाही आलास तर माईक मी घेणार. मग घरी माझ्यावर ओरडायचं नाही.

आणि चप्पल घालून ये. अनवाणी आलास तर सगळे तुझ्याच पायांची चौकशी करत बसतील.

समीक्षा